पहिली ओळ कोणाची

लिओनी शर्मर आमच्याकडे कामाला लागली तेव्हा तिला बसायला जागा नव्हती. गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे आधी ट्रॅक्टरचे टायर रचलेले असायचे, तिथे प्लायवूडची भिंत ठोकून तिला टेबल-खुर्ची दिली. मी त्या भिंतीच्या अलीकडे पार्सलं बांधतो आणि उरलेला वेळ डिलिव्हरीची गाडी चालवतो. प्लायवूड पातळ आहे. त्यामुळे लिओनीची बहुतेक भांडणं मी शब्द न चुकता ऐकली आहेत, आणि जी ऐकली नाहीत ती तिने दुपारी सँडविच खाताना मला सांगितली आहेत.

आमचं दुकान म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या होर्शम गावचं पोलनर अँड सन्स. हार्वेस्टर, पेरणीयंत्रं, फवारे, ट्रॅक्टर, सगळ्यांचे सुटे पार्ट. मालक ग्रेम पोलनर तिसऱ्या पिढीतला. लोक मोबाइलवर शोधून कुठून कुठून पार्ट मागवायला लागले तेव्हा त्याने स्वतःची वेबसाइट करायचं ठरवलं आणि लिओनीला घेतलं. ती इथलीच. तिचा बाप रॉल्फ शर्मर मर्टोआजवळ बार्ली आणि मसूर करतो. मेलबर्नला सात वर्षं ती एका फर्निचरवाल्यांकडे डिझायनर होती. कोणी वेबसाइटवर 'खुर्ची' असं लिहून शोधलं, की समोर कोणत्या खुर्च्या याव्यात, किती याव्यात, कशा मांडलेल्या असाव्यात, हे ठरवणं तिचं काम. रॉल्फ सायलोच्या, म्हणजे धान्याच्या उंच कोठाराच्या, शिडीवरून पडला, कंबर मोडून घेतली, म्हणून ती परत आली. वय तेव्हा एकतीस.

तिचं पहिलं पान फार देखणं होतं, हे मी आजही सांगतो. पांढऱ्या स्वच्छ जागेवर एका ओळीत चार मोठे फोटो, खाली बारीक राखाडी अक्षरांत नाव आणि नंबर, आणि सगळ्यात शेवटी 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून आणखी चार. ग्रेमने सगळ्यांना काउंटरजवळ बोलावून ते दाखवलं. आमच्या काउंटरवर वॅल हाइनरिख असते. ती ग्रेमच्या बापाच्या काळापासून आहे, ग्रेमला तिने शाळेच्या चड्डीत पाहिलंय. तिने चष्मा वर करून पान पाहिलं आणि म्हणाली, "बेअरिंग कोणाला आवडतं का गं?"

सगळे हसले. लिओनीही हसली, पण तिला ते लागलं होतं. नंतर मला म्हणाली की ही बाई पार्ट विकते, तिला दिसण्यातलं काय कळणार.

नोव्हेंबरमध्ये कापणी लागली आणि लिंडसे याश्के दुकानात आला. लिंडसे शांत माणूस. पन्नाशी ओलांडलेली, आठशे हेक्टर मसूर. त्याच्या हार्वेस्टरचं एक बेअरिंग गेलं होतं. त्याने शेतातूनच मोबाइलवर शोधलं, मागवलं, आणि मी स्वतः ते पोचवलं. बसलं नाही. आतलं भोक पाच मिलिमीटरने लहान. वाळलेली मसूर शेतात जास्त दिवस उभी राहिली की शेंगा फुटून दाणे मातीत जातात, आणि त्याचे दोन दिवस गेले होते. तो ओरडला नाही. ते बेअरिंग त्याने काउंटरवर ठेवलं. वॅलने मागे हाक मारली, "लिओनी, बाहेर ये जरा. हे तुझं आहे."

लिओनी आली. लिंडसे म्हणाला, "सगळी सारखीच दिसत होती. मी पहिलं घेतलं."

"खाली नंबर लिहिलेला होता," लिओनी म्हणाली.

"कुठे?"

त्याने खिशातून मोबाइल काढून तिच्या हातात दिला. काच तडकलेली, तिच्यावर ग्रीसचे डाग. मग तो म्हणाला की इथे नाही, बाहेर चल. ती दोघं बाहेर उन्हात गेली. मी गाडीत माल भरत होतो. अडतीस डिग्री असेल. लिओनीने मोबाइल तिरका केला, हाताची सावली केली, डोळ्यांजवळ नेला. ते राखाडी अक्षर तिला स्वतःला वाचता आलं नाही. लिंडसे वाट बघत उभा राहिला. तिने मोबाइल परत दिला आणि आत निघून गेली.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली की माणसाने मागवताना नीट वाचायला नको का. मी म्हटलं, हो, वाचायला हवं. ती म्हणाली, "माझ्या हो ला हो करू नकोस, नोएल." आणि परत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने ग्रेमला सांगितलं की कापणी संपेपर्यंत तिला वॅलच्या शेजारी काउंटरवर उभं राहायचंय. ग्रेमने नाही म्हटलं. डिझायनरचा पगार देऊन मशीनचे पट्टे विकायला माणूस ठेवलेला नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच्या जागी ते बरोबरच होतं. लिओनीने वाद घातला नाही. ती सकाळी सातला यायला लागली, तिचं काम सुरू व्हायच्या दोन तास आधी, आणि दुपारची सुट्टीही तिथेच काढायला लागली. हा माझा वेळ आहे, यात मी कुठे उभी राहते ते माझं मी बघेन, असं तिने ग्रेमला तोंडावर सांगितलं. ग्रेमने खांदे उडवले.

वॅलने पहिले चार दिवस तिला काही शिकवलं नाही. फक्त म्हणाली, "बोलू नकोस. बघ." लिओनी तोवर वॅलला अहो-जाहो करत होती. ते कधी गळून पडलं मला आठवत नाही, पण डिसेंबर उजाडेपर्यंत दोघी एकमेकींना अगं-तुगं करत होत्या आणि वॅल घरून मधाची बिस्किटं दोघींपुरती आणत होती.

लिओनीने काय पाहिलं, ते तिने मला सांगितलं म्हणून मला कळलं. मी पंचवीस वर्षं त्याच काउंटरवरून जा-ये करत होतो आणि मला दिसलं नव्हतं. माणूस आला की वॅल दोनच प्रश्न विचारायची. मशीन कुठलं, आणि कुठल्या वर्षीचं. तिसरा प्रश्न नाही. मग आत जाऊन एक पार्ट आणायची. दोन पार्टांत घोटाळा होण्यासारखा असेल तर दोन्ही आणून काउंटरवर शेजारी ठेवायची, मध्ये वीतभर जागा सोडून, आणि जिथे फरक आहे तिथे बोट टेकवायची. वीस पार्ट तिने कधी कोणासमोर मांडले नाहीत. आणि नसेल तर लगेच नाही म्हणायची. "नाहीये बाबा. निलच्या दुकानात असेल, थांब, नंबर देते." माणूस पार्किंगमधून गाडी काढायच्या आधी निलला, म्हणजे पलीकडच्या गावातल्या पार्टवाल्यांना, फोन लागलेला असायचा.

जानेवारीत लिओनीने सगळं नव्याने करायला घेतलं. आणि पुन्हा चुकली. हे ती स्वतः कबूल करते, म्हणून मी सांगायला हरकत नाही. या वेळी तिला वाटलं की माप महत्त्वाचं आहे, तर सगळी मापं देऊ. बाजूला अठरा रकाने आले. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सील कुठल्या प्रकारचं, अमुक, तमुक. एकेक रकाना भरत गेलं की यादी लहान होत जायची. तिला ते फार आवडलं होतं. मला भिंतीपलीकडून बोलावून बोलावून दाखवायची.

ते लोक कसं वापरतात हे बघायला ती माझ्याबरोबर गाडीतून फिरली. एप्रिल लागला होता, पेरणीचे दिवस होते. आम्ही लिंडसेच्याच शेतावर गेलो. त्याच्या पेरणीयंत्राचा एक दात गेला होता आणि तो ट्रॅक्टरच्या सावलीत उकिडवा बसून मोबाइल बघत होता. अंगठा तेलकट होता म्हणून बोटाच्या पेराने दाबत होता. अठरा रकाने उघडले, त्याने दोन बघितले, आणि पान बंद करून वॅलला फोन लावला. फोन झाल्यावर त्याला मागे लिओनी दिसली. तो ओशाळला.

"तुझं वाईट नाही गं," तो म्हणाला. "पण ते मलाच विचारतंय. मला ठाऊक असतं तर त्याला कशाला विचारलं असतं?"

परतीच्या वाटेवर ती खिडकीतून बाहेर बघत होती. पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर म्हणाली, "आधी मी त्याला काहीच सांगितलं नाही. आता सगळंच सांगितलं. दोन्ही वेळा काम त्याच्याच गळ्यात." मग ती झोपली. तिच्या बापाला रात्री आधार देऊन उठवावं लागायचं तेव्हा, तिची झोप व्हायची नाही.

तिसरं पान करायला तिला चार महिने लागले. त्यात बघायला काही नाही. सरळ यादी. काळी मोठी अक्षरं, पांढरं पान. शोधायच्या चौकटीखाली दोनच प्रश्न, मशीन आणि वर्ष. प्रत्येक ओळीत पार्टाचं नाव, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंतच्या मशीनला बसतो, आणि तो शेल्फवर आहे की नाही, नसेल तर कुठल्या वारी येईल. सारखे दिसणारे दोन पार्ट असतील तर ते एकाखाली एक, आणि मध्ये एक वाक्य: 'हे दोन एकसारखे दिसतात. फरक आतल्या भोकात आहे. ४० की ४५, मोजून घ्या.' अशी चारशे वाक्यं तिने आणि वॅलने मिळून लिहिली. वॅल बोलायची, ती लिहायची. लोक ज्या नावाने पार्ट मागतात ती नावंही तिने घातली. मशागतीच्या अवजाराला जो लोखंडी फाळ बसतो त्याला इथे सगळे बदकाचं पाऊल म्हणतात. कंपनीच्या पुस्तकात तो शब्द नाही. पूर्वी वेबसाइटवर 'बदकाचं पाऊल' लिहिलं तर रबरी बूट यायचे.

आणि जो पार्ट आमच्याकडे नाही, तिथे लिहिलं: 'हा आमच्याकडे नाही. निलच्या दुकानात विचारा.' खाली त्यांचा फोन नंबर.

ग्रेमने ते वाचलं तेव्हा तो प्लायवूडच्या आत गेला आणि दार लावून घेतलं. दार लावून काही उपयोग नाही हे त्याच्या अजूनही लक्षात येत नाही.

"माझ्या वेबसाइटवरून माझी गिऱ्हाइकं निलला पाठवतेस?"

"हो," लिओनी म्हणाली.

"हो काय?"

"तुमच्याकडे नाही ते तुमच्याकडे आहे असं दाखवू का?"

"काहीतरी मिळतंजुळतं दाखव. माणूस काही ना काही घेतो."

"घेतो. मग ते परत घेऊन येतो. नोएलला विचारा, परत आलेल्या खोक्यांचं शेल्फ कुठलं आहे."

ग्रेमने मला विचारलं नाही. त्याने वॅलला विचारलं, आणि ती चूक झाली. वॅल म्हणाली, "मी चाळीस वर्षं लोकांना निलला पाठवतेय. तुझा बाप माझ्या शेजारी उभा राहून नंबर सांगायचा. मला पाठ नव्हता तेव्हा." ग्रेम आपल्या ऑफिसात निघून गेला. वाक्य पानावर राहिलं.

तो माणूस वाईट नाही. दुकान चालवायचं ओझं त्याच्यावर आहे, अकरा घरं त्यावर जेवतात, त्यातलं एक माझं. म्हणून पुढे जे झालं ते मी त्याला दोष द्यायला सांगत नाही.

सप्टेंबरमध्ये मेलबर्नहून पट्टे विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. मऊ बोलणारा, बूट चकचकीत. त्यांचे पट्टे बाहेरदेशातून येतात, स्वस्त असतात. त्याचं म्हणणं साधं होतं. कोणीही पट्टा शोधला की त्यांचा पट्टा पहिल्या ओळीत यावा आणि त्यावर 'सर्वात योग्य' असं लिहिलेलं असावं. त्या बदल्यात ते दर हंगामाला रक्कम देतील. ग्रेमने होकार दिला आणि मग लिओनीला बोलावलं.

ती म्हणाली, "तो सगळ्या मशीनना योग्य नाही. मोठ्या हार्वेस्टरला तो टिकत नाही."

कंपनीचा माणूस म्हणाला की बहुतेकांना चालतो.

"मग ज्यांना चालतो त्यांच्या यादीत येईलच. बाकीच्यांच्या यादीत का?"

तिने एक तोड सुचवली. पट्टा पहिल्या ओळीत ठेवू, पण त्यावर बाकी ओळींच्याच आकाराच्या अक्षरांत लिहू, 'या जागेसाठी कंपनीने पैसे दिले आहेत.' तो माणूस हसला. म्हणाला, असं कोणी लिहीत नाही, बारीक अक्षरात 'प्रायोजित' म्हणतात.

"बारीक अक्षर मी लिहून बघितलंय," लिओनी म्हणाली. "उन्हात दिसत नाही. तुम्हाला ते दिसायला नकोच आहे, म्हणून बारीक."

ग्रेमने तिला थांबवलं. मग त्या माणसाला गाडीपर्यंत सोडून तो परत आला आणि दोघांचं खरं बोलणं झालं. ग्रेम म्हणाला की हा निर्णय तिचा नाही, दुकान त्याचं आहे. लिओनीने ते मान्य केलं. "दुकान तुमचंच आहे. पण लोक यादी बघतात तेव्हा त्यांना वाटतं वॅलच बोट टेकवून दाखवतेय. वॅल पैसे घेऊन बोट हलवत नाही. मी पण नाही हलवणार."

"मग मी दुसऱ्याकडून करून घेईन."

"घ्या. माझ्या हातून होणार नाही."

"आणि तू काय करणार इथे बसून?"

"तुम्ही सांगाल ते. हे सोडून. राजीनामा मी देणार नाही, काढायचं असेल तर तुम्ही काढा."

ग्रेमने तिला काढलं नाही. मार्चमधल्या शेतकी प्रदर्शनासाठी फलक आणि टोप्यांवरची चित्रं करायचं काम दिलं. सहा महिने आधीच. तिच्या बापाने तिला समजावलं, की नोकरी इथे सहज मिळत नाही, मान खाली घाल आणि निभावून ने. ती मला म्हणाली की बाबांची कंबर मोडलीये, माझी नाही.

ऑक्टोबरमध्ये बाहेरच्या लोकांनी पान बदललं. फोटो परत मोठे झाले, पट्टा पहिल्या ओळीत बसला, 'सर्वात योग्य' हिरव्या अक्षरांत. निलचा नंबर गेला. ग्रेमने वॅलला सांगितलं की आता काउंटरवरही हेच वापरायचं. वॅलने एक दिवस वापरलं आणि दुसऱ्या दिवशी हाताची घडी घालून बसली. म्हणाली, मला लिओनीची यादी परत दे, नाहीतर मी कागदाच्या जाडजूड पुस्तकातून शोधेन आणि तुझी रांग रस्त्यावर जाईल. ग्रेमने माघार घेतली. अशा तऱ्हेने आमच्या दुकानात दोन याद्या झाल्या. काउंटरच्या आतल्या बाजूला खरी आणि बाहेर गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर दुसरी.

कापणी लागली. पट्टे परत यायला लागले. सगळे नाही, खूप जणांना ते चालले, हेही सांगायला हवं. पण मोठ्या हार्वेस्टरवाल्यांची खोकी माझ्या शेल्फवर चढत गेली. मी ती मोजली नाहीत, शेल्फ भरल्यावर खाली जमिनीवर लावली. लिओनी टोप्यांची चित्रं काढत होती आणि पाणी प्यायला जाताना त्या खोक्यांवरून पाय टाकून जात होती. एकदा तिने एक उचललं, पत्ता वाचला आणि ठेवून दिलं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी काउंटरवर नऊ-दहा माणसं होती. पुढे वादळाचा अंदाज होता, त्यामुळे सगळे घाईत. प्रत्येकाच्या हातात मोबाइल. लिओनीला शनिवारी यायचं नव्हतं, तरी ती आली. सरळ काउंटरमागे गेली, वॅलला म्हणाली, "जरा सरक." आणि वॅलची स्क्रीन दोन्ही हातांनी धरून बाहेरच्या बाजूला फिरवली. तार पुरेना, तेव्हा तिने ती मागून ओढून घेतली. मग स्क्रीन लोकांसमोर ठेवून बाजूला उभी राहिली.

वॅल मान वाकडी करून टाइप करत होती आणि लोक बघत होते. रांगेत तिसरा लिंडसे होता. त्याला पट्टाच हवा होता. त्याने आधी काउंटरवरची यादी पाहिली, मग हातातला मोबाइल, मग पुन्हा काउंटर.

"माझ्याकडे हा पहिला आहे," तो म्हणाला. "तुझ्याकडे तो यादीतच नाही. का गं, वॅल?"

"मला नको विचारूस," वॅल म्हणाली. "तो उभा आहे तिथे."

ग्रेम ऑफिसच्या दारात उभा होता. सगळे वळले. या लोकांबरोबर तो फुटबॉल खेळलाय, रविवारी चर्चमध्ये त्यांच्या शेजारी बसतो. दुसऱ्या एखाद्याने बरीच कारणं सांगितली असती. ग्रेमने खरं सांगितलं.

"त्यांनी पैसे दिले. वर ठेवायचे."

लिंडसे म्हणाला, "मग तसं लिही ना. मी लहान मशीनसाठी घेईनही. पण लिही."

तो आपला पट्टा घेऊन गेला. पुढचा माणूस पुढे आला. वॅलने मशीन कुठलं ते विचारलं. काम सुरू झालं.

सोमवारी ग्रेमने लिओनीला ऑफिसात बोलावलं. ते भांडण मला ऐकू आलं नाही, ऑफिसची भिंत विटांची आहे. तिने नंतर सांगितलं. आपल्याला चार लोकांत तोंडघशी का पाडलं, असं त्याने तिला विचारलं. ती म्हणाली की तोंडघशी ते पान पाडत होतं, तिने फक्त स्क्रीन फिरवली. त्याने ताकीदपत्र पुढे ठेवलं आणि सही करायला सांगितलं. त्यात लिहिलं होतं की तिने दुकानाची गुप्त माहिती उघड केली. तिने ते वाक्य खोडलं आणि त्याखाली लिहिलं, 'मी काउंटरवरची यादी गिऱ्हाइकांना दाखवली. पुन्हा दाखवेन.' मग सही केली. ग्रेमने कागद घडी घालून कपाटात टाकला. कापणीच्या मधोमध माणूस काढणं परवडणारं नव्हतं, हे एक. आणि दारात वॅल उभी होती, हे दुसरं. वॅलला त्या दिवशी ऑफिसातून काय हवं होतं ते कोणालाच कळलं नाही.

पट्ट्याचा करार मार्चपर्यंतचा होता आणि ग्रेम शब्द मोडणारा नाही. पट्टा पहिल्या ओळीत राहिला. पण डिसेंबर लागायच्या आत हिरवं 'सर्वात योग्य' गेलं आणि त्या जागी कंपनीने पैसे दिल्याचं लिओनीचं वाक्य आलं, बाकी ओळींच्याच आकारात. त्या कंपनीने दोन चिडकी पत्रं पाठवली. करारात अक्षरांचा आकार लिहिलेला नव्हता. मार्चमध्ये ते निघून गेले. निलचा नंबर परत आला, फोटो परत गेले.

या सगळ्यात एक गोष्ट लिओनीला जिव्हारी लागली, आणि ती ग्रेमची नव्हती. ते वाक्य पानावर आल्यावरसुद्धा बरेच जण तोच पट्टा घेत होते. पैसे देऊन वर ठेवलाय हे वाचून, डोळे उघडे ठेवून. स्वस्त होता, त्यांच्या जुन्या लहान मशीनला एक हंगाम पुरत होता. लिओनीला वाटलं होतं की लोक तो टाळतील. मला म्हणाली, "म्हणजे मी त्यांना काय घ्यायचं तेच सांगायला निघाले होते की काय?" त्यानंतर तिने यादीत स्वस्त पार्टांपुढे लिहायला सुरुवात केली, 'एक हंगाम टिकतो', 'दोन हंगाम टिकतो', आणि पुढे कोणाला काय घ्यायचं ते त्याचं तो बघेल म्हणून सोडून दिलं. आधीच्या तीन पानांत हे तिला सुचलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात बॅलरॅटला डिझायनर लोकांची सभा होती, तिथे तिला बोलावलं होतं. तिने आमचं पान पडद्यावर दाखवलं. कोणीतरी उठून म्हणालं की हे वीस वर्षांपूर्वीचं दिसतं. ती म्हणाली, हो, दिसतं. आणि पुढे बोलत राहिली. दुसऱ्याने विचारलं की लोक पानावर किती वेळ थांबतात. तिने सांगितलं, पस्तीस सेकंद, आणि ते वीसवर आणायचा प्रयत्न चालू आहे. त्यांना वाटलं ती चेष्टा करतेय.

आता ग्रेमने नवीन काढलंय. त्याला बोलणारं यंत्र हवंय. यादीच नको. माणसाने प्रश्न विचारायचा, यंत्राने एकच उत्तर द्यायचं, गोड आवाजात. परवा तो ते यंत्र विकणाऱ्यांचे कागद घेऊन प्लायवूडच्या आत गेला. लिओनीने सगळे कागद वाचले, घाई न करता. मग म्हणाली की तिचा विरोध नाही, यंत्र आणायचं तर आणा. दोन पार्ट सारखे दिसत असतील तर त्याने दोन्ही सांगितले पाहिजेत, आणि ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हटलं पाहिजे.

ग्रेम म्हणाला की ते ठाऊक नाही असं म्हणत नाही, तसं बनवलेलंच नाही.

"मग त्याने चुकीचं सांगितलं की माणूस फोन कोणाला करणार? ते नाव आणि नंबर खाली लिहा. मोठ्या अक्षरांत. तुमचा चालेल."

ग्रेम म्हणाला की तो विचार करेल. ती म्हणाली, करा, आणि कागद त्याच्या हातात देऊन जेवायला गेली.